वेग होता, शर्यत नव्हती

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या क्रिस हॉयने ट्रॅक सायकलिंगमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली: स्प्रिंट, केइरिन आणि टीम स्प्रिंट. त्याच संघातली व्हिक्टोरिया पेंडलटन तेव्हा स्प्रिंटची जगज्जेती होती. तिला एकच सुवर्ण मिळालं, कारण तिच्या वाट्याला शर्यतच एक होती. त्या वर्षी ट्रॅकवर पुरुषांच्या सात स्पर्धा झाल्या आणि स्त्रियांच्या तीन. त्या तिनांतही निव्वळ वेगाची अशी स्प्रिंट तेवढी. मायदेशी परतल्यावर हॉयला ‘सर’ किताब मिळाला, पेंडलटनला त्याहून खालचा एमबीई.

स्त्रियांच्या स्प्रिंट सायकलिंगचा गेल्या सहा-सात दशकांचा इतिहास चाळला की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पायांत वेग होता, पण कार्यक्रमपत्रिकेत शर्यत नव्हती. शर्यत मिळाली की काही वर्षांतच विक्रम कोसळले. आयोजकांनी मात्र दर वेळी विक्रम आधी मागितले आणि शर्यत नंतर देऊ केली.

खेळ काय आहे

आंतरराष्ट्रीय वेलोड्रोम बहुधा २५० मीटरचा, लाकडी फळ्यांचा आणि वळणांवर चाळीस अंशांहून अधिक चढलेला असतो. सायकलला ब्रेक नसतो. गिअर एकच आणि तोही फिक्स्ड, म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. पाय सैल सोडायची सोय नाही. स्प्रिंटची सुरुवात पात्रता फेरीने होते. खेळाडू वरून वेग घेत येते आणि शेवटच्या २०० मीटरची वेळ मोजली जाते. त्या वेळेनुसार जोड्या लागतात आणि मग दोघी-दोघींच्या लढती. पुढच्या टप्प्यांत तीनपैकी दोन शर्यती जिंकाव्या लागतात.

नवख्या प्रेक्षकाला पहिली दोन मिनिटं कोड्यात टाकतात. जगातल्या सर्वांत वेगवान बायका चालण्याच्या गतीने सायकल हाकत असतात, पुढची मान वळवून मागचीवर नजर ठेवून असते, मागची उतारावर उंच चढून बसते. कधी दोघी जागच्या जागी थांबतात. यामागे हवेचा हिशेब आहे. पुढची हवा कापते, मागची तिच्या आडोशाला ताकद राखते आणि अखेरच्या फेरीत बाहेरून झेप घेते. म्हणून पुढे राहणं कुणालाच नको असतं. हुतूतूत चढाई करणारा मध्यरेषेजवळ घोटाळत समोरच्याला हात टाकायला लावतो, तसा हा डाव. एकदा मात्र वेग सुटला की ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास दोघींचे खांदे एकमेकींना लागायला येतात. आतली खेळाडू लाल रेषेच्या आत असेल तर तिला त्या पट्ट्यातून बाहेर येऊन दुसरीची वाट अडवता येत नाही. या नियमाने एका अंतिम लढतीचं पारडं कसं फिरवलं, ते पुढे येईलच.

पासष्ट वर्षं आणि ब्याण्णव वर्षं

पुरुषांची स्प्रिंट जागतिक स्पर्धेत १८९३ पासून आणि ऑलिम्पिकमध्ये १८९६ पासून आहे. स्त्रियांसाठी जागतिक स्पर्धेचं दार १९५८ मध्ये पॅरिसला उघडलं, ऑलिम्पिकचं १९८८ मध्ये सोलला. पहिला उशीर पासष्ट वर्षांचा, दुसरा ब्याण्णव.

दार उघडल्याबरोबर आत शिरल्या त्या सोव्हिएत खेळाडू. १९५८ची पहिली जगज्जेती गालिना येर्मोलायेवा. तिने हे पद एकूण सहा वेळा जिंकलं, शेवटचं १९७२ मध्ये. गालिना त्सारेवानेही ते सहा वेळा जिंकलं. पहिली पंधरा वर्षं हे विजेतेपद सोव्हिएत संघाबाहेर गेलंच नाही. सरकारी क्रीडाव्यवस्थेने मुलींनाही प्रशिक्षक आणि ट्रॅक दिला होता. पश्चिमेकडच्या मुली बहुतेक आपापल्या हिमतीवर यायच्या.

ही साखळी १९७३ मध्ये तोडली अमेरिकेच्या शीला यंगने, आणि ती मुळात बर्फावरची स्पीड स्केटर. हिवाळ्यात स्केटिंग, उन्हाळ्यात सायकल. मांड्यांना लागणारी ताकद तीच. १९७६ मध्ये तिने इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ५०० मीटर स्केटिंगचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी स्प्रिंटचं जगज्जेतेपदही. सायकलवरून ऑलिम्पिकला जायची वाटच नव्हती, म्हणून अशा मुली बर्फावरून गेल्या. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा रोथेनबुर्गरला दोन्ही दारं उघडी सापडली. १९८८च्या फेब्रुवारीत कॅल्गरीत तिने स्केटिंगचं सुवर्ण आणि रौप्य घेतलं, सप्टेंबरमध्ये सोलला सायकलिंगचं रौप्य. एकाच वर्षात हिवाळी आणि उन्हाळी दोन्ही ऑलिम्पिकची पदकं मिळवणारी ती एकटीच. आता या दोन स्पर्धा एका वर्षात होत नाहीत, त्यामुळे तो पराक्रम तिच्याच नावावर राहणार.

सोलचं सुवर्ण एरिका सालुमाएने सोव्हिएत गणवेशात जिंकलं. चार वर्षांनी बार्सिलोनात तिनेच ते पुन्हा जिंकलं, पण या वेळी स्वतंत्र एस्टोनियाची खेळाडू म्हणून. पुन्हा स्वतंत्र झालेल्या त्या चिमुकल्या देशाचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. पदकसमारंभात आयोजकांनी एस्टोनियाचा झेंडा उलटा चढवला, हेही त्या देशात कुणी विसरलेलं नाही.

नव्वदीचं दशक फ्रान्सच्या फेलिसिया बालांजेचं. १९९५ ते १९९९ अशी सलग पाच वर्षं स्प्रिंट आणि ५०० मीटर टाइम ट्रायल, म्हणजे एकटीने घड्याळाशी करायची शर्यत, या दोन्हींची जगज्जेती तीच. शिवाय अटलांटा आणि सिडनी मिळून तीन ऑलिम्पिक सुवर्णं. २००४ मध्ये अथेन्सला कॅनडाच्या लोरी-ॲन म्युन्झरने वयाच्या अडतिसाव्या वर्षी स्प्रिंट जिंकली. स्फोटक वेग हा विशीतल्यांचाच, हा समज तिथे मोडला.

मिअर्स आणि पेंडलटन

त्याच अथेन्समध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲना मिअर्सने ५०० मीटर टाइम ट्रायल ३३.९५२ सेकंदांत पूर्ण केली. ३४ सेकंदांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. पण बीएमएक्सला जागा करून देण्यासाठी ही शर्यत पुढच्या ऑलिम्पिकमधून वगळली गेली. म्हणजे विजेतीचं पदक तिच्याजवळ राहिलं, शर्यत गेली. पुरुषांचीही टाइम ट्रायल गेली. पण त्यांच्याकडे आणखी सात शर्यती होत्या, मिअर्सकडे उरली ती स्प्रिंट.

जानेवारी २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या विश्वचषकात पडून मिअर्सच्या मानेचं हाड मोडलं. सात महिन्यांनी ती बीजिंगच्या अंतिम लढतीत पेंडलटनसमोर उभी होती आणि रौप्य घेऊन परतली.

दोघींचा हिशेब पुरा झाला २०१२ मध्ये लंडनला. तोवर ऑलिम्पिकने पुरुष आणि स्त्रियांच्या ट्रॅक स्पर्धा पाच-पाच केल्या होत्या. स्त्रियांना केइरिन आणि टीम स्प्रिंट मिळाल्या होत्या. केइरिन पेंडलटनने जिंकली. टीम स्प्रिंटमध्ये सहकाऱ्याशी अदलाबदल चुकल्याने तिचा संघ बाद झाला. स्प्रिंटच्या अंतिम लढतीत पहिली शर्यत तिने केसाच्या अंतराने जिंकली, पण लाल रेषा ओलांडून बाहेर आल्याबद्दल पंचांनी ती मिअर्सला बहाल केली. दुसऱ्या शर्यतीत मिअर्सने उतारावर सायकल जवळजवळ थांबवली, पेंडलटनला पुढे जायला भाग पाडलं आणि मागून येऊन सुवर्ण नेलं. डोकं आणि पाय यांचा इतका जुळलेला डाव स्प्रिंटमध्ये क्वचितच पाहायला मिळतो. मिअर्सने एकूण ११ जागतिक विजेतेपदं मिळवली, पेंडलटनने नऊ. पेंडलटनची नऊपैकी सहा स्प्रिंटची, म्हणजे येर्मोलायेवा आणि त्सारेवाच्या बरोबरीची.

केइरिन, चीन, हाँगकाँग

केइरिन ही जपानची देणगी. १९४८ मध्ये कोकुरा शहरात पैजा लावायच्या शर्यती म्हणून ती सुरू झाली. मोटर लावलेल्या सायकलमागून खेळाडू रांगेने वेग वाढवत जातात, मोटर बाजूला झाली की उरलेल्या फेऱ्या जीव तोडून मारतात. जपानमध्ये बायकांची केइरिन १९४९ मध्ये सुरू झाली आणि १९६४ मध्ये बंद पडली. ती पुन्हा सुरू व्हायला जुलै २०१२ उजाडला, म्हणजे लंडन ऑलिम्पिकचाच महिना.

नव्या शर्यतींचा फायदा आशियाने उठवला. चीनच्या गुओ श्वांगने बीजिंग आणि लंडन दोन्हीकडे स्प्रिंटचं कांस्य घेतलं. टीम स्प्रिंटमध्ये चीनने रिओ आणि टोकियो अशी लागोपाठ दोन सुवर्णं मिळवली. हाँगकाँगच्या ली वाई-झीने २०१९ मध्ये स्प्रिंट आणि केइरिन दोन्हींची जागतिक विजेतेपदं एकाच स्पर्धेत जिंकली. या खेळाला युरोपी शरीरयष्टीच लागते, असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्यानंतर बंद व्हायला हवीत.

घड्याळ काय सांगतं

पात्रता फेरीतल्या त्या उडत्या २०० मीटरचा जागतिक विक्रम १९९३ मध्ये रशियाच्या ओल्गा स्लुसारेवाने १०.८३१ सेकंदांवर नेला. तो सतरा वर्षं टिकला. बीजिंगनंतर दोनच वर्षांनी तो मोडला. लंडनच्या पुढल्या वर्षी जर्मनीच्या क्रिस्टिना फोगेलने मेक्सिकोच्या आग्वासकालिएंतेसमध्ये १०.३८४ सेकंद दिले. २०१९ मध्ये कॅनडाच्या केल्सी मिचेलने बोलिव्हियात कोचाबांबाला १०.१५४ सेकंद गाठले. ही दोन्ही शहरं उंचावरची. हवा विरळ, त्यामुळे अडथळा कमी. पण २०२४ मध्ये लिआ फ्रीड्रिशने पॅरिसमध्ये, म्हणजे जवळजवळ सपाटीवर, १०.०२९ सेकंद दिले. ताशी सुमारे ७१.८ किलोमीटर. त्यानंतर वर्षभराच्या आत दहा सेकंदांची मर्यादाही ओलांडली गेली.

एवढी झेप कुठून आली? गिअर मोठे झाले, वजनाच्या व्यायामावर भर वाढला, सायकली आणि पोशाख वाऱ्याच्या बोगद्यात तपासले जाऊ लागले. पण हे सगळं पैशांनी येतं, आणि क्रीडासंघटना पैसा पदकांच्या मागे लावतात. एका पदकासाठी स्वतंत्र प्रशिक्षक ठेवायला कुणी तयार नसतं, तीन पदकांसाठी असतात. मिचेल स्वतः याच बदलाची उपज. ती फुटबॉल खेळणारी मुलगी. २०१७ मधल्या गुणशोध चाचणीतून सायकलवर आली आणि चार वर्षांत टोकियोची स्प्रिंट विजेती झाली. १९९७ मध्ये असा शोध घ्यावा असं कुणाला सुचलंही नसतं.

वेगाची किंमतही आहे. रिओच्या अंतिम लढतीत सायकलचं सीट निसटून पडलं तरी सुवर्ण जिंकणारी फोगेल, नावावर ११ जागतिक विजेतेपदं असताना, २६ जून २०१८ रोजी कॉटबुसला सरावात दुसऱ्या खेळाडूवर आदळली. छातीखालचं शरीर कायमचं निकामी झालं. पुढच्याच वर्षी ती एरफुर्टच्या नगरपरिषदेवर निवडून आली.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टीम स्प्रिंट पहिल्यांदाच पुरुषांसारखी तिघींची झाली. तोवर ऑलिम्पिकमध्ये बायकांचा संघ दोघींचा असे. ब्रिटनच्या केटी मर्चंट, सोफी केपवेल आणि एमा फिनुकेन यांनी विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवलं. मर्चंट दोन वर्षांपूर्वी आई झाली होती. फिनुकेनने तीन पदकं मिळवली. एका ऑलिम्पिकमध्ये ब्रिटिश स्त्रीने तीन पदकं मिळवल्याला १९६४ नंतर साठ वर्षं झाली होती. न्यूझीलंडच्या एलेस अँड्र्यूजने दोन सुवर्णं आणि एक रौप्य नेलं. पेंडलटनला २००८ मध्ये जे शक्यच नव्हतं, ते सोळा वर्षांनी दोघींनी एकाच आठवड्यात करून दाखवलं. २०२५ पासून जागतिक स्पर्धेतली स्त्रियांची टाइम ट्रायलही ५०० ऐवजी पुरुषांइतकी, हजार मीटरची झाली आहे.

आपण कुठे

२०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडासंकुलात २५० मीटरचा आच्छादित लाकडी वेलोड्रोम उभा राहिला. तिथे मिअर्सने तीन सुवर्णं जिंकली. पुढे त्याच ट्रॅकवर देबोरा हेरॉल्ड तयार झाली. अंदमान-निकोबारची ही मुलगी २००४च्या त्सुनामीत काही दिवस झाडावर अडकून वाचली होती. ५०० मीटरच्या जागतिक क्रमवारीत ती चौथ्या स्थानापर्यंत गेली. पण ती शर्यत ऑलिम्पिकमध्ये उरली नव्हती. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलमध्ये भारताच्या स्प्रिंट संघात मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे या महाराष्ट्राच्या दोघी त्रियाशा पॉलबरोबर उतरल्या. पुण्यात बालेवाडीला वेलोड्रोम आहे, पण तो उघड्यावरचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धा आच्छादित लाकडी ट्रॅकवर होतात. पावसाळ्यात सराव बुडणाऱ्या मुलीने तिथे जाऊन सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झगडावं, ही अपेक्षाच चुकीची.

स्त्रियांच्या स्प्रिंटचा इतिहास एक गोष्ट निर्विवाद सांगतो: आधी ट्रॅक आणि शर्यत द्या, वेग मागून येतो. बाकी जगाने हे उशिरा का होईना मान्य केलं. ऑलिम्पिकच्या ट्रॅक सायकलिंगमध्ये मात्र पॅरिसपर्यंत एकही भारतीय स्त्री उतरलेली नाही.