एका नोंदीच्या अनेक प्रती

मंडळी, वाशिम जिल्ह्यातला शेतकरी सोयाबीनच्या धुऱ्यावर उभा राहून मोबाईलने पिकाचा फोटो काढतो, गट क्रमांक आणि पीक नोंदवतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ही ई-पीक पाहणी. फोटो निघाला, काम झाले, असे आपल्याला वाटते. पण खरे काम पुढेच आहे. एक प्रत फोनमध्ये, दुसरी सरकारी संगणकावर. शिवाय एखादे यंत्र बिघडले तर माहिती बुडू नये, म्हणून मोठ्या कारभारात आणखी प्रती ठेवाव्या लागतात. त्या सगळ्या एकसारख्या राहायच्या कशा?

याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात पूर्वीपासूनच आहे. जमीन विकली, वाटणी झाली, की गाव नमुना ६ मध्ये फेरफार लिहितात. त्याला क्रमांक पडतो, तो प्रमाणित होतो आणि मग सातबारा बदलतो. संगणकांचीही हीच रीत. सारे दप्तर पुन्हापुन्हा न धाडता, 'माझ्याकडे चाळीसपर्यंतचे बदल आहेत, पुढचे द्या', एवढेच एक दुसऱ्याला सांगतो. क्रम चुकला नाही, तर प्रती जुळतात.

अक्षरांचे ठीक आहे हो, पण फोटो? तो जड. त्यात धुऱ्यावर नेटवर्क घटकेत येते, घटकेत जाते. अशा जड मालाचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यावरून हिशेबाने एक लहानशी खूणसंख्या काढतात. दोन्हीकडच्या खुणा ताडायच्या. जुळत नाही तेवढाच तुकडा पाठवायचा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये याच तत्त्वावर 'आरसिंक' हा प्रोग्राम तयार केला. तो आजही जगभर वापरात आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळावे लागते. नोंद पोचली आणि फोटो वाटेत अडकला, तर काम पुरे धरायचे नाही. दोन्ही आले, जुळले, मगच पोच द्यायची. नाहीतर शेतात सोयाबीन उभे आणि दप्तरात काहीच नाही, अशी गत व्हायची. आणि अतिवृष्टीने पीक गेले, की शेतकऱ्याला आठवते ती सातबाऱ्यावरची पीक-नोंद.

तेव्हा फोटो फोनमध्ये आहे, यावर निर्धास्त राहू नका. नेटवर्क असेल तिथे या आणि माहिती अपलोड झाल्याची खात्री करा. तोवर तुमच्या पिकाची साक्ष एकट्या फोनच्या भरवशावर आहे.