भिंतीवरचं जेरुसलेम

कुठल्याही कॅथलिक चर्चच्या भिंतींवर नजर फिरवा. बहुतेक ठिकाणी ओळीने लावलेली चौदा चित्रं किंवा शिल्पं सापडतील. पहिल्यात येशूला मृत्युदंड ठोठावला जातो, चौदाव्यात त्याचं शरीर कबरीत ठेवलं जातं. वसईचे ख्रिस्ती याला ‘क्रुसाची वाट’ म्हणतात. क्रूस खांद्यावर घेऊन येशू जेरुसलेमच्या ज्या गल्ल्यांतून गेला, तो सगळा रस्ता इथे चार भिंतींत मावला आहे!

1342 मध्ये पोपनी जेरुसलेमच्या पवित्र स्थळांची देखभाल फ्रान्सिस्कन संन्याशांकडे सोपवली. समुद्रापलीकडची ती यात्रा शेतकऱ्या-कारागिरांना परवडणं अशक्य होतं, म्हणून युरोपात ठिकठिकाणी त्या वाटेच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. 1731 मध्ये पोप क्लेमेंट बारावे यांनी चौदा हा आकडा कायम केला आणि सगळ्या चर्चना ही वाट मांडायची मुभा दिली. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, विशेषतः शुक्रवारी, भाविक एकेका स्थानापाशी थांबत, गुडघे टेकत पुढे जातात. गर्दी असली की धर्मगुरू तेवढे चालतात आणि लोक जागच्या जागी त्या दिशेला वळतात. तेवढं वळणंही यात्रेतच धरलं जातं.

नोएडात राहणाऱ्याला यात्रेला प्रत्यक्ष निघायचं असेल, तर मेरठच्या पुढे सुमारे 20 किलोमीटरवर सरधना आहे. तिथलं भव्य चर्च बांधलं बेगम समरूने. नवरा, वॉल्टर राइनहार्ट, 1778 मध्ये वारला आणि त्याच्या भाडोत्री फौजेची सूत्रं तिने हाती घेतली. 1781 मध्ये आग्र्याला तिने बाप्तिस्मा घेतला. मराठ्यांच्या इतिहासातही ती भेटते. आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये स्मृतिस्तंभ आहे, त्या परिसरात 11 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांच्या पलटणी इंग्रजांशी लढल्या. त्यानंतर बाराच दिवसांनी, आताच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात बेगमेच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. लढायांत आयुष्य घालवलेल्या या बाईने आपल्या फौजेतल्या अंतोनिओ रेघेलिनी या इटालियन अधिकाऱ्याकडून मरियामातेचं हे चर्च उभारून घेतलं. ते 1822 मध्ये पुरं झालं. 1836 मध्ये बेगम गेली, तिचं दफनही तिथेच झालं. 1961 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी चर्चला बॅसिलिकेचा मान दिला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी इथे मोठी यात्रा भरते. इथे ‘कृपांची माता’ म्हटल्या जाणाऱ्या मरियेपुढे मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू-मुसलमानही पुष्कळ असतात.

पण सरधना किंवा जेरुसलेम गाठलं तरी कॅथलिक माणसाची यात्रा संपत नाही. ती बाप्तिस्म्याने सुरू होते आणि तिचा शेवटचा मुक्काम आहे स्वर्ग. मरणाच्या दारात असलेल्याला दिलं जाणारं ख्रिस्तशरीर ही त्या पुढच्या वाटेची शिदोरी मानली जाते. ज्याला अजून शुद्ध व्हायचं आहे, त्याच्यासाठी मरणानंतरही वाट उरते, त्या अवस्थेला शुद्धिस्थान म्हणतात. तिथल्यांसाठी 2 नोव्हेंबरला जगभर प्रार्थना होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर 1964 मध्ये चर्चविषयीच्या दस्तऐवजातलं एक अख्खं प्रकरण या यात्रेवर लिहिलं. पृथ्वीवरचं चर्च स्वतःच यात्रेकरू आहे, पूर्णत्वाला ते स्वर्गातच पोचेल, असं ते प्रकरण सांगतं.

मला सगळ्यात थक्क करतो तो या यात्रेतला सोबतीचा विचार. पृथ्वीवर चालणारे, मरणानंतर शुद्ध होत असलेले आणि स्वर्गात पोचलेले, हे तिघे मिळून एकच चर्च आहे. पोचलेले संत मागच्यांसाठी विनवणी करतात, चालणारे गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. म्हणून नोएडातली एखादी बाई रात्री एकटीच जपमाळ ओढत बसली, तरी या श्रद्धेप्रमाणे ती एकटी नसते. तिच्यापुढे शतकानुशतकांचे यात्रेकरू असतात आणि त्यांच्यातल्या कुणाला तरी तिच्या प्रार्थनेची गरज असते.