दर पाचशे किलोमीटरला

"पैसे द्याचे हायेत तं सरळ मनीऑर्डर कर नं लेका. गाडी कायले झिजवतं जगभर?"

मिस्त्री हे बोलले तेव्हा त्यांचं तोंड मागच्या चाकाकडे होतं आणि हातात पाना होता. ज्याला बोलले तो पोरगा ऑईलच्या रिकाम्या डब्यावर बसून मोबाइलवर जगाचा नकाशा लहानमोठा करत होता. तो नुसताच हसला. वाद जुना असावा.

धामणगाव रेल्वेला माणसं उतरतात ती बहुतेक यवतमाळला जायला. मुंबई-नागपूर मार्गावर बडनेरा आणि वर्ध्याच्या मधलं हे स्टेशन; पुढचा प्रवास बसचा. मीही त्यासाठीच उतरले होते. सोयाबीन बाजारात येण्याचे दिवस, ट्रॅक्टरांची रांग, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस. त्या गर्दीत १५० सीसीची एक जुनी मोटारसायकल उभी होती आणि तिच्या मागच्या नंबरप्लेटशेजारी लंबगोल पांढरा स्टिकर होता, त्यावर काळ्या अक्षरांत 'आयएनडी'. भारतातली गाडी देशाबाहेर न्यायची तर हे चिन्ह लावावं लागतं. टाकीवर रंगवलेलं होतं : 'पृथ्वी प्रदक्षिणा, शेतकऱ्याच्या लेकरांच्या शिक्षणासाठी'. यवतमाळची बस मी जाऊ दिली आणि ढकलत नेल्या जाणाऱ्या त्या गाडीमागोमाग गॅरेजात गेले.

गॅरेज म्हणजे पुढे टिनाचं छप्पर, मागे एक खोली. पेट्रोल, जळकं ऑईल आणि रबराचा वास. त्या सगळ्यांवर मात करणारा आणखी एक वास होता, गंधकासारखा, नाकाला झोंबणारा. तो नव्वद नंबरच्या ऑईलचा. हे खरं तर गिअरबॉक्सचं जाड ऑईल, पण आपल्याकडचे मिस्त्री ते चेनला घालतात. बाजारात चेनसाठी स्प्रेचे डबे मिळतात. पोराने पुण्याहून तसा एक आणलाही होता. मिस्त्रींनी तो हातात घेऊन हलवला, किंमत वाचली आणि परत ठेवून दिला.

"नव्वद नंबर कोठीबी भेटते," ते म्हणाले. "आफ्रिकेत ट्रक चालतेतच नं? मंग भेटते."

काम चेनचंच चाललं होतं. आधी रॉकेलने धुणं, जुन्या टूथब्रशने कडीकडीतली काळी माती काढणं, चिंधीने कोरडी करणं, मग चाक उलटं फिरवत आतल्या बाजूने थेंब थेंब ऑईल. वऱ्हाडातली काळी माती चेनला एकदा बसली की वाळून दगड होते आणि ती कडी आखडते. आखडलेली कडी शोधायची मिस्त्रींची रीत पाहण्यासारखी होती. चाक हळू फिरवून चेनकडे न बघता कान देऊन ते ऐकत. एका ठिकाणी टक् झालं की थांबत. मग ताण. दोन स्प्रॉकेटांच्या मधोमध चेन बोटांनी वर उचलायची. दोन बोटांएवढी हलली तर बरोबर. घट्ट ठेवली तर बेअरिंग खाते, सैल ठेवली तर उतरते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळल्या की चाक सरळ. हे करताना ते पोराकडून प्रत्येक गोष्ट परत करून घेत होते. त्याने खूण एक घर चुकवली की पाना काढून घेत, नट सैल करत आणि पुन्हा त्याच्या हातात देत.

"दर पाचशे किलोमीटरले हे कराचं. पाऊस लागला तं त्याच रात्री. पाचशे म्हणजे पाचशे. सहाशे नाई."

पोराच्या मनातली प्रदक्षिणा ५० हजार किलोमीटरची. भाग मिस्त्रींनीच दिला : शंभर वेळा. शंभर संध्याकाळी, दिवसभर गाडी चालवून अंग आंबलेलं असताना, कुठल्यातरी परक्या पंपामागे उकिडवं बसून टूथब्रशने चेन घासायची. जगप्रवासाच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत वाळवंटं येतात, हिमशिखरं येतात, सीमेवरचा भला शिपाई येतो. हे उकिडवं बसणं फारसं येत नाही.

पोरगा याच तालुक्यातला, पुण्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर. घरी चार एकर कोरडवाहू. त्याच्या मोबाइलमध्ये आदर्शांची फोटोंची रांग होती. विशाखापट्टणमचे भारद्वाज दयाला, जे २००६-०७ मध्ये हिरो होंडा करिझ्मावर एकट्याने सुमारे ४७ हजार किलोमीटर फिरून आले. पुण्याच्या रमिला लटपटे, मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी नेसून निघालेल्या. आणि मुंबईचे योगेश आळेकरी. २०२५ च्या ऑगस्टअखेर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला एका बागेपाशी उभी केलेली त्यांची केटीएम, वर लादलेल्या सामानासकट चोरीला गेली. तोवर ते १७ देश ओलांडून आले होते.

"४७ हजार," मिस्त्री मध्येच म्हणाले. "म्हणजे चौऱ्याण्णव डाव."

मग पोराने परदेशी माणसं दाखवायला सुरुवात केली. अर्जेंटिनाचा एमिलिओ स्कोटो : १९८५ ते १९९५, दहा वर्षं, ७ लाख ३५ हजार किलोमीटर, होंडा गोल्डविंग. नट इवान मॅकग्रेगर आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन : २००४ साली लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला, बीएमडब्ल्यूवर, वाटेत युनिसेफच्या कामांना भेटी देत. मिस्त्रींनी मोबाइल हातात घेतला, गोल्डविंगच्या मागच्या चाकाचा फोटो मोठा केला, मग बीएमडब्ल्यूचा. बराच वेळ पाहिलं.

"याईले चेनच नाई."

खरंच नाही. दोन्ही गाड्यांत मागच्या चाकाला ताकद पोचते ती बंद नळीतल्या शाफ्टने. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. जगातले दोन मोठे प्रवास त्यांनी एका वाक्यात परीक्षेबाहेर काढले होते.

कागदपत्रांचं प्रकरण पोराने स्वतः सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज बदलला. आंतरराष्ट्रीय परवाना सोपा, आरटीओत एक हजार रुपये, वर्षभराची मुदत. खरा अडसर 'कारने'चा. गाडीचा पासपोर्टच तो; अनेक देश त्याच्याशिवाय गाडी आत घेत नाहीत. आपल्याकडे तो मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. आत शिरताना शिक्का, बाहेर पडताना शिक्का. बाहेरचा शिक्का राहिला तर गाडी तिथेच विकली असं धरून आयातकर मागता येतो, म्हणून आधीच बँकेची हमी किंवा अनामत लागते. देश कडक तसा आकडा चढा. कोरडवाहू चार एकरांवर अशी हमी कोण देतं, हे मी विचारलं नाही.

आणि निघायचं तरी कुठून? पश्चिमेला पाकिस्तानची वाट बंद. पूर्वेला म्यानमारमध्ये २०२१ पासून लष्करी राजवट आणि यादवी. नेपाळमार्गे तिबेटात जाता येतं, पण चीनमध्ये परवानग्या हव्यात आणि सोबत तिथला वाटाड्या, त्याचा दिवसाचा खर्च आपल्या माथी. त्यामुळे कित्येक भारतीय गाड्यांचा पहिला परदेशप्रवास लाकडी पेटीतून होतो : पेट्रोल काढायचं, बॅटरीच्या तारा सोडवायच्या, पुढचं चाक, हँडल, आरसे उतरवायचे, कारण विमानाचं भाडं वजनाइतकंच आकारमानावरही लागतं. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये तर सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही, नुसतं जंगल आणि दलदल. तिथे पुन्हा पेटी नाहीतर बोट. या सगळ्या बेतातला हा पेटीचा भाग मात्र मिस्त्रींना मनापासून आवडला. हँडल कसं वळवून बांधलं तर किती इंच वाचतील, याचा त्यांनी खडूने जमिनीवर आकार काढला.

घराजवळची अडचण तर आणखी मजेची. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. जग फिरायला निघणाऱ्या या गाडीला मुंबईला जायचं ते चांदूर रेल्वे, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला असं जुन्या रस्त्यानेच.

दुपारी नर्सबाई आल्या. स्कूटी ढकलत, घामाघूम, मागच्या ब्रेकची केबल तुटलेली. पायाशी लसींचा निळा डबा. एका गावातलं लसीकरण आटोपून दुसरीकडे निघाल्या होत्या. मिस्त्रींनी डब्याकडे पाहिलं आणि जगप्रदक्षिणेची गाडी तशीच, चाक अर्धं खोललेलं, बाजूला ढकलली. पोराने तोंड उघडलं होतं, पण बोलला नाही. उठून केबल शोधायला आत गेला. "बर्फ हाये त्यात," मिस्त्री मला म्हणाले. जुनी केबल ओढून काढली, नवीत ऑईल सोडलं, नट आवळला, ब्रेक दाबून चाक दोनदा फिरवलं. नर्सबाईंनी पैसे विचारले तर केबलचे आणि मजुरीचे दोन्ही सांगितले. त्यांनी मोजून दिले आणि गेल्या.

लसीच्या डब्यासाठी मजुरी सोडतील, असं मला वाटलं होतं. बाई गेल्यावर मी तसं बोलले.

"फुकट केलं तं पुढच्या बारीले येतच नाई थे, ताई. लाजते. तुटेलोक चालवते." मग वर म्हणाले, "तिलेबी सांगतलं हाये, म्हैन्याले दाखवून जात जा."

हे काम मी इतक्या वेळा मनात परत पाहिलं आहे, त्याला एक कारण आहे. १९८० च्या दशकात बॅरी कोलमन हा इंग्रज पत्रकार आणि रँडी मामोला हा मोटारसायकल शर्यतींतला अमेरिकन खेळाडू सोमालियात गेले. शर्यतीच्या जगातून मुलांसाठी पैसा उभा केला होता, तो कुठे लागतो हे पाहायला. तिथे आरोग्यसेवेला दान मिळालेल्या मोटारसायकली त्यांना गंजत पडलेल्या दिसल्या. कित्येक गाड्या किरकोळ दुरुस्तीत चालू झाल्या असत्या. पण ऑईल बदलायचं, चेन ओढायची, हे कुणाला शिकवलेलंच नव्हतं. बॅरी आणि त्यांची पत्नी अँड्रिया यांनी त्यातून 'रायडर्स फॉर हेल्थ' उभी केली. आफ्रिकेत आरोग्यसेवकांना गाडी चालवायला आणि तिची रोजची निगा राखायला शिकवायचं, ठरल्या तारखेला मिस्त्रीने तपासायचीच, मोडण्याची वाट पाहायची नाही. पैसा मोटारसायकलवेड्यांकडूनच यायचा, पण तो जायचा पान्याला आणि ऑईलला.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा मिस्त्रींनी एकच विचारलं, "किती किलोमीटरले तपासते ते?" आकडा मला सांगता आला नाही. "पाचशेच असंल," त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

माझं झुकतं माप एव्हाना लपलेलं नसेल. दानासाठी जग फिरण्यातलं बरंचसं फिरणंच असतं; दानाचा फलक टाकीवर असतो आणि टाकी पेट्रोल पिते. पैसाच उभा करायचा तर दुसऱ्याही रीती आहेत. सिडनीच्या मार्क हव्वा यांनी २०१२ मध्ये सुरू केलेली राइड एका दिवसाची असते. कोट-टाय घालून, जुन्या घाटाच्या गाड्यांवर, आपापल्या शहरात माणसं चक्कर मारतात आणि प्रोस्टेट कॅन्सर व पुरुषांचं मानसिक आरोग्य यांसाठी ओळखीपाळखीच्यांकडून पैसे जमवतात. जगभरात निघते, आपल्या मुंबई-पुण्यातही. पेट्रोल जळतं ते लिटर-दोन लिटर.

पण पोराचं म्हणणंही मी ऐकून घेतलं. आदल्या वर्षी त्याने असाच फलक लावून महाराष्ट्र पालथा घातला होता. जमलेल्या पैशांत गावातल्या तीन मुलींची वर्षाची फी भरली गेली. पेट्रोलला गेले त्यापेक्षा जमलेले थोडेच जास्त होते, हे त्याने न विचारता सांगितलं. "मनीऑर्डर कोण पाहते काका? मी पुण्यात बसून फी मागितली असती तं कोणं देली असती? गाडी पाहून लोकं थांबतात. थांबले तं बोलतात. बोलले तं देतात."

यावर मिस्त्री गप्प झाले. त्यांच्या खोलीत भिंतीवर दोन तसबिरी होत्या, तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा. गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. आयुष्यभर फिरले, आधी पायी, उतारवयात मोटारीनेही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला, प्रवासातच गेले. फिरताना कीर्तन करायचे आणि कीर्तनातून उभा राहिलेला पैसा पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबईच्या धर्मशाळांना गेला. लोक थांबावेत म्हणून बाबांनाही झाडू आणि फुटकं गाडगं लागत होतंच, असं पोरगा तसबिरीकडे बोट करून म्हणाला. धीट होता.

"लागे," मिस्त्री म्हणाले. "पण धर्मशाळेतला घास पोटच्या लेकरालेबी खाऊ देत नोयते."

मग हात पुसून ते आत गेले आणि दोन शाळकरी वह्या घेऊन आले. बहुधा नातवाच्या, वर प्राण्यांची चित्रं. एकीवर त्यांनी काळ्या बोटांनी लिहिलं 'गाडी', दुसरीवर 'लेकरं'. पेट्रोल, कारने, पेटी, जेवण, सगळं पहिलीत, आणि ते पगारातून. लोकांनी दिलेला रुपया दुसरीत, त्याला हात नाही. पगारातून जेवढं जग बसेल तेवढंच फिरायचं. नेपाळपर्यंत बसलं तर नेपाळपर्यंत. पोराने हिशेब करून पाहिला. नेपाळ बसत होतं, भूतानही कदाचित. पुढचं नाही. त्याने थोडी घासाघीस केली, एखादा प्रायोजक मिळाला तर ते पैसे कुठल्या वहीत? मिस्त्रींनी विचार केला. "फलक त्याच्या नावाचा लागंल तं पहिलीत," ते म्हणाले, आणि 'गाडी'ची वही उघडून पहिल्या ओळीत आजची मजुरी आणि मीटरचा आकडा लिहिला. खाली, त्यात पाचशे मिळवून, दुसरा.