एक कोटी पाहुण्यांचा हिशेब

२१ फेब्रुवारी १९१६ ते १८ डिसेंबर १९१६. ठिकाण, फ्रान्समधलं व्हर्दन. तीनशे दिवस लढाई चालली आणि फ्रेंच-जर्मन मिळून तीन लाखांच्या आसपास सैनिक मेले. भागाकाराला कागद-पेन्सिल नको: रोज हजार माणसं, सलग दहा महिने. तिथल्या दुओमाँच्या अस्थिभवनात आजही सुमारे १,३०,००० सैनिकांच्या अस्थी एकत्र ठेवलेल्या आहेत. त्यातला फ्रेंच कोण आणि जर्मन कोण, हे कुणालाही सांगता आलेलं नाही.

ही झाली एक लढाई. १८७० ते १९४५ या ७५ वर्षांत हे दोन शेजारी तीनदा एकमेकांवर तुटून पडले. १८६५ साली जन्मलेला माणूस पहिल्या युद्धात पाच वर्षांचा होता, दुसऱ्यात ४९ चा आणि तिसरं सुरू झालं तेव्हा ७४ चा. आजोबा, मुलगा, नातू, तिघांच्याही वाट्याला शत्रू तोच. नुसत्या पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक गेले, जर्मनीचे सुमारे २० लाख. फ्रान्सपुरतं बघितलं तर चार वर्षं रोज नऊशे अंत्ययात्रा.

एवढ्या मोठ्या वजाबाकीवर उतारा काय? राजधानीत बसून केलेला एखादा करार पुरेल, असं वाटत नाही. पुरलाही नाही. १८७१ मध्ये करार झाला होता, १९१९ मध्येही झाला होता.

म्हणून आता दुसरा आकडा पाहू: एक कोटी.

जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये एलिझे करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये, त्या कराराचाच भाग म्हणून, दोन्ही देशांनी मिळून एक युवक कार्यालय काढलं. त्याचं काम एकच: इकडच्या पोरांना तिकडे पाठवायचं, तिकडच्यांना इकडे आणायचं. तेव्हापासून आतापर्यंत सुमारे चार लाख कार्यक्रमांतून जवळजवळ एक कोटी तरुण या योजनेत सहभागी झाले. म्हणजे एका कार्यक्रमात सरासरी पंचवीस जण, एका वर्गाची निम्मी पोरं म्हणा ना.

एक कोटी हा आकडा निवडणुकीच्या बातम्यांत ऐकून ऐकून आपल्याला सपाट झाला आहे, म्हणून तो जरा रुळांवर आणू. आपल्याकडच्या जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. एक कोटी प्रवाशांना १,३८,८८९ डबे लागतील. बावीस डब्यांची एक गाडी धरली, तर ६,३०० हून जास्त गाड्या. रोज एक गाडी सोडली, तरी शेवटची गाडी सुटायला सतरा वर्षं लागतील, आणि वेटिंग लिस्ट एकाचीही नाही!

आता तोच आकडा दिवसांत मोडू. साठ वर्षांचे दिवस होतात सुमारे २१,९००. म्हणजे सरासरीनं रोज साडेचारशे तरुण आणि रोज अठरा कार्यक्रम. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची रोज नऊशे माणसं जात होती. मैत्रीचा वेग वैराच्या निम्मा पडला. पण युद्ध चार वर्षांत थांबलं आणि हे काम साठ वर्षं थांबलेलं नाही. म्हणूनच बेरीज कुठल्या कुठे गेली: त्या युद्धात पडलेल्या दोन्ही देशांच्या सैनिकांची संख्या ३४ लाख धरा. त्यातल्या प्रत्येकामागे आता जवळजवळ तीन तरुण जमा आहेत. (जर्मनीचे सगळे सैनिक काही फ्रान्सच्या आघाडीवर पडले नव्हते, तरीही हे प्रमाण थक्क करतं.)

वेळेचा हिशेब तर याहून भारी आहे. समजा, प्रत्येक तरुणानं फक्त एकच आठवडा घराबाहेर काढला. एक कोटी गुणिले सात, म्हणजे सात कोटी रात्री. त्याला ३६५ नं भागा. उत्तर येतं १,९१,७८०. वर्षं! एका पिढीच्या डोळ्यांदेखत, दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या संगतीत जवळपास दोन लाख वर्षं घालवली. आणि सात कोटी नाश्ते वेगळेच.

गंमत म्हणजे सरकारं या वाटेवर उशिरा आली. १९५० मध्येच, म्हणजे एलिझे कराराच्या तेरा वर्षं आधी, फ्रान्सचं माँबेलियार आणि जर्मनीचं लुडविग्सबुर्ग या दोन शहरांनी आपापसांत नातं जोडलं होतं. दुसरं महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती. माँबेलियारचे महापौर ल्युसियाँ तारादँ हे फ्रेंच प्रतिकार चळवळीतले आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत सुटलेले. ज्यांनी जर्मनांचं नावही काढायला नको म्हटलं असतं तरी चाललं असतं, त्यांनी हात पुढे केला. याच लुडविग्सबुर्गमध्ये ९ सप्टेंबर १९६२ रोजी द गॉल यांनी जर्मन तरुणांसमोर चक्क जर्मन भाषेत भाषण केलं.

आज या दोन देशांतल्या गावांच्या जोड्या सुमारे २,२०० आहेत. जर्मनीत नगरपालिका-ग्रामपंचायतींसारख्या संस्था अकरा हजारांच्या आसपास. साधा भागाकार केला तर पाचांमागे एक जोडी. सगळ्या युरोपचा हिशेब धरला तर अशा जोड्यांचा आकडा वीस हजारांच्या घरात जातो. प्रत्येक जोडीनं वर्षातून चाळीस जणांची एकच बस पाठवली, तरी वर्षाला आठ लाख पाहुणे होतील.

युरोपबाहेरही हे लोण पसरलं. अमेरिकेच्या सेंट पॉल शहरानं जपानच्या नागासाकीशी नातं जोडलं ते ७ डिसेंबर १९५५ ला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला त्या दिवशी बरोबर चौदा वर्षं झाली होती. नागासाकीवर बॉम्ब पडून दहा वर्षं, आणि १९४५ संपेपर्यंत तिथे गेलेले जीव सुमारे ७४,०००. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नागरिकांनी नागरिकांशी नातं जोडण्याची मोहीम सुरू केली. आज एकट्या अमेरिकेतल्या शहरांची अशी नाती दोन हजारांवर आहेत, चीनची तर तीन हजारांच्या जवळ.

या आकड्यांत थोडा फुगाही आहे. इंग्लंडच्या रटलंड परगण्यात व्हिटवेल नावाचं चाळीसेक वस्तीचं खेडं आहे. १९८० मध्ये तिथल्या पबमधल्या मंडळींनी पॅरिसचे महापौर जाक शिराक यांना पत्र धाडलं: आपण जोडी जमवू, अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर तुमचा होकार समजू. उत्तर आलं नाही. गावच्या वेशीवर ‘पॅरिसशी जोडलेलं’ अशी पाटी लागली. पॅरिसची लोकसंख्या २१ लाख. तिथल्या प्रत्येकाला व्हिटवेलकरांनी एकेक रात्र ठेवून घ्यायचं म्हटलं, तर माणशी पन्नास हजारांवर पाहुणे वाट्याला येतील. रोज एक उरकला तरी सुमारे एकशे चाळीस वर्षं पाहुणचार चालू. थट्टा आहे, पण पाटी आणि मैत्री यांतला फरक तिनं बरोबर दाखवला.

नाती तुटतातही. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावानं उद्ध्वस्त झालेल्या, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या आठशेहून जास्त बायकांनी सोव्हिएत संघातल्या स्टालिनग्राडसाठी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामानं काढली आणि प्रत्येकीनं सहा-सहा पेन्स वर्गणी घातली. तिथून १९४४ मध्ये दोन्ही शहरांचं नातं जुळलं. शीतयुद्धाच्या चार दशकांत ते टिकलं. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ मध्ये कॉव्हेंट्रीनं ते स्थगित केलं. तेव्हा पाहुणचारानं युद्धं थांबतातच, असा दावा आकड्यांच्या जोरावरही करू नये. फ्रान्स-जर्मनीच्या मैत्रीमागे सामायिक बाजार होता, पैसा होता, समोर सोव्हिएत संघाची भीतीही होती. पण बाजारानं माणसं शेजारी बसतात, ओळख व्हायला मुक्कामच लागतो.

आपल्याकडे पाट्यांची वानवा नाही. मुंबईनं योकोहामाशी १९६५ मध्ये, स्टुटगार्टशी १९६८ मध्ये आणि लॉस एंजेलिसशी १९७२ मध्ये नातं जोडलं. पुण्याचं सॅन होजेशी १९९२ मध्ये जुळलं, आणि जपानमधल्या ओकायामाच्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं पु. ल. देशपांडे उद्यान तर सिंहगड रस्त्यावर दहा एकरांत उभं आहे. बाग छानच आहे. पण तुमच्या इमारतीत या शहरांपैकी एखाद्या शहरातलं पोर आठवडाभर राहून, वरण-भात खाऊन गेलं आहे का? करार मोजायचे तर पालिकेचं दप्तर पुरे. नातं मोजायचं तर अंथरुणं मोजावी लागतात.

आणि त्यासाठी लागणारी अंथरुणं वाटतात तेवढी नाहीत. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची होती. स्टुटगार्ट सहा लाखांहून थोडं मोठं. हजारातल्या फक्त एका मुंबईकरानं वर्षातून फक्त एक स्टुटगार्टकर घरी ठेवून घेतला, तर वर्षाला १२,४०० पाहुणे होतात. साठ वर्षांत साडेसात लाखांच्या आसपास. म्हणजे हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव जणांनी काहीही केलं नाही, तरी अख्खं स्टुटगार्ट मुंबईत जेवून जाईल आणि वर लाखभर पानं मांडलेली राहतील.