बर्लिन ते जाकार्ता, व्हाया बारामती

1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. अंतिम सामना उघड्यावर झाला, वर पाऊस. अमेरिकेने कॅनडाला 19-8 असं हरवलं. चिखलात चेंडू टप्पाच घेईना, तर गुण होणार कुठून! त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. दोन खेळ एकाच गावी पोहोचले, पण एकाच्या हाती पदक होतं आणि दुसऱ्याच्या वाट्याला टाळ्या.

फरक होता तो तयारीचा. बास्केटबॉलचे नियम नेस्मिथ यांनी 1891 मध्येच लिहून ठेवले होते, शिवाय वायएमसीएचं जाळं जगभर होतं. आज बारामतीत किंवा इंदापुरात कॉलेजच्या पोरांना हा खेळ शिकवणाऱ्या सरांना रिंग किती उंच असावी यावर वाद घालावा लागत नाही. कबड्डीचं तसं नव्हतं. तिचे प्रकारच वेगवेगळे: संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत व्हायचा, गामिनीत बाद तो बादच, आणि अमरमध्ये कुणी बाहेर जातच नसे. एका गावचा चढाईपटू दुसऱ्या गावी गेला, की आधी भांडण, मग खेळ.

हे सगळं एका सूत्रात आणायला अनेकांची हयात गेली. त्यात शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचं नाव पहिल्यांदा घ्यावं लागतं. झपाटलेपण म्हणतात ते हेच. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. पण नुसत्या झपाटलेपणाने खेळ सीमेपार जात नाही. त्याला खुर्चीचं बळ लागतं, असं माझं मत आहे. ते बळ बारामतीहून आलं. राज्य कबड्डी संघटनेचं अध्यक्षपद शरद पवारांनी बरीच वर्षं सांभाळलं. 1978 मध्ये भिलाईत राष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्ताने आशियाई कबड्डी महासंघ उभा राहिला, त्याच वर्षी पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. योगायोगच, पण बोलका. (राजकारण्यांनी संघटना किती काळ धरून ठेवाव्यात हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. 2018 मध्ये तर दिल्ली उच्च न्यायालयाला राष्ट्रीय महासंघावर प्रशासक नेमावा लागला.)

पुढचं काम पायपिटीचं होतं. 1979 मध्ये प्रा. सुंदर राम दोन महिने जपानभर फिरून कबड्डी शिकवत होते. 1981 मध्ये आपले संघ थायलंड, जपान, मलेशियात प्रात्यक्षिकं करून आले. 1982च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतही प्रात्यक्षिकच. पदक आलं ते 1990 मध्ये, बीजिंगला. संघ होते सहा. सुवर्ण भारताला, रौप्य बांगलादेशाला, कांस्य पाकिस्तानला. जपान खेळला, नेपाळ खेळला, यजमान चीनही खेळला. बर्लिनला 54 वर्षं उलटून गेली होती.

त्यानंतर आपल्याला सुवर्णाची सवयच लागली. म्हणून 2018 मध्ये जाकार्तात पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला तेव्हा घरोघरी सुतक पडलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने 27-24 अशी बाजी मारली. इराणच्या त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. भारतीय संघाला शिकवायची संधी त्यांना मिळाली नव्हती. परक्या मुलखात, शाकाहार सांभाळत, कामापुरती फारसी शिकून त्यांनी हा संघ उभा केला.

मला त्या पराभवाचं वाईट वाटलं नाही. जपानात दोन महिने घसा कोरडा करणाऱ्या माणसाला आणखी काय हवं होतं? आशियाने हा खेळ खेळावा हीच तर मागणी होती, आणि खेळायचं म्हटल्यावर कधीतरी कुणीतरी आपली पकड करणारच.