मेगावॉटचा हिशेब जमला, वेळेचा राहिला

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी जुळलं. तोवर चार विभाग एकत्र चालत होते, दक्षिण वेगळी होती. त्या दिवसापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी जनित्रं एकाच वारंवारितेवर, सेकंदाला ५० आवर्तनं, चालू लागली. त्याच्या दीडच वर्ष आधी, ३० आणि ३१ जुलै २०१२ला, याच जाळ्याने लागोपाठ दोन दिवस मान टाकली होती. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग कोसळले. सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली, रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, पश्चिम बंगालमध्ये खाणकामगार जमिनीखाली अडकले.

मुख्यतः कोळशावर चालणारं, हाताखालचं जाळं सांभाळताना ही गत होती. त्याच जाळ्यावर ऊन आणि वाऱ्याची, म्हणजे कुणाच्या हुकमावर न चालणारी, वीज घालायचं देशाने आधीच ठरवलं होतं. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. उद्दिष्ट होतं २०२२ पर्यंत २० गिगावॉट. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत काय साधलं आणि काय अडलं, हे आज नीट पाहायला हवं; कारण यापुढचा टप्पा मागच्यापेक्षा अवघड आहे.

आकड्यांची घोडदौड

मेगावॉट मोजायची सवय आपल्याला सौरऊर्जेच्याही आधी लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्यातल्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, त्यामागे करसवलतीचा मोठा हात होता. यंत्राची किंमत झटपट घसाऱ्यात दाखवून कर वाचवता येई. म्हणजे सवलत चक्की उभारल्याची मिळे, ती किती फिरली याची नव्हे. तयार झालेल्या युनिटवर प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना २००९ मध्ये आली.

सौरऊर्जेत स्वस्ताईने कमाल केली. २०१०च्या पहिल्या लिलावात सौरविजेचा दर युनिटला दहा रुपयांच्या वरच होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. पॅनेल जगभर स्वस्त झाली हे खरंच. पण तयार जमीन, स्पर्धात्मक बोली आणि पैसे बुडणार नाहीत याची सरकारी हमी, या तीन गोष्टींनीही दर खाली आणला. मध्य प्रदेशातल्या रीवा प्रकल्पाने ही हमी कशी बांधायची ते दाखवून दिलं आणि तिथली वीज दिल्ली मेट्रोपर्यंत पोचली.

२०१५ मध्ये उद्दिष्ट वाढून २०२२ पर्यंत १७५ गिगावॉट झालं. २०२२ संपताना हाती होते सुमारे १२०. मोठे सौर पार्क झपाट्याने झाले. घरांच्या छतांवरचं ४० गिगावॉटचं स्वप्न मात्र पाव हिश्शालाही पोचलं नाही. तरी गाडी थांबली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सौरक्षमतेने १०० गिगावॉटचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षाच्या मध्यावर देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म इंधनांची झाली. हे उद्दिष्ट २०३० साठी होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं. या कामाचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण त्याच सुमारास प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांपैकी ७० टक्क्यांहून अधिक युनिटं कोळशाचीच होती. सौर प्रकल्प रात्री बंद असतो, ढगाळ दिवशी अर्धामुर्धा चालतो. वर्षभराची सरासरी काढली तर क्षमतेच्या पाव हिश्शाच्या आसपासच वीज देतो. क्षमता आणि वीज यांतली ही तफावत आपण उत्सवाच्या भरात फार काळ नजरेआड केली.

वाहिनी मागे पडली

सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. त्याची वीज वाहून नेणारी उच्चदाब वाहिनी व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण ती शेकडो गावांच्या शिवारांतून जाते. ऊन राजस्थान आणि कच्छमध्ये, गिऱ्हाईक मुंबई-दिल्लीत. हरित ऊर्जा कॉरिडॉरच्या योजना याच कारणाने आखल्या गेल्या, तरीही २०२५ मध्ये राजस्थानातल्या अनेक प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करायला सांगावं लागलं. वाहिन्यांत जागाच नव्हती. तमिळनाडूतल्या पवनचक्कीवाल्यांनी हा अनुभव त्याआधी कित्येक वर्षं घेतला होता.

वाहिन्यांच्या वाटेत माळढोकही होता. हा जड पक्षी तारा वेळेवर पाहू शकत नाही आणि त्यांवर आदळून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून हा पक्षी कसा नाहीसा होत गेला, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. स्वच्छ विजेसाठी एका प्राण्याची जात संपवायची, हा सौदा मला मान्य नाही. मार्ग आधी नीट आखले असते तर न्यायालयात जायची वेळच आली नसती.

जमिनीच्या बाबतीत कर्नाटकातल्या पावगडाने चांगला धडा दिला. तिथे सुमारे १३ हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१ हजार रुपयांपासून सुरुवात झाली आणि पुढे ठरावीक वाढ मिळत गेली. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली.

नऊ मिनिटं

जाळं सांभाळणं म्हणजे काय, हे ५ एप्रिल २०२० च्या रात्री सगळ्या देशाने नकळत अनुभवलं. रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे मालवायचं आवाहन होतं. काही मिनिटांत विजेची मागणी ३० हजार मेगावॉटहून अधिक घसरली आणि नऊ मिनिटांनी पुन्हा तेवढीच चढली. कोळशाचं केंद्र एवढ्या वेगाने वरखाली होऊ शकत नाही. त्यामुळे नियंत्रण केंद्रांनी आधीच जलविद्युत केंद्रं जोरात चालवून ठेवली, नऊ वाजता त्यांचं पाणी झपाट्याने कमी केलं आणि नऊ मिनिटांनी पुन्हा सोडलं. वारंवारिता हाताबाहेर गेली नाही, दिवे पुन्हा लागले.

या रात्रीने दाखवून दिलं की जाळ्यात पटकन वरखाली होणारी वीज हवी. आपल्याकडे असं काम करणारी कोयना आहे, सुमारे १,९६० मेगावॉटची. पण तिचं पाणी मोजकं. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. म्हणून कोयनेचा प्रत्येक थेंब कोणत्या तासाला वापरायचा, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. कोळशाच्या किंवा पाण्याच्या केंद्रातलं अवजड जनित्र स्वतःच्या फिरत्या वजनाने धक्का पचवतं. सौरवीज इन्व्हर्टरमधून येते, तिथे फिरतं वजनच नाही. राजस्थानात २०२२ मध्ये व्होल्टेज ढळलं की हजारो मेगावॉटची सौरवीज एकदम तुटण्याच्या घटना घडल्या. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हाही प्रश्न व्होल्टेज सांभाळण्याचाच होता. दोष उन्हाचा नव्हे. इन्व्हर्टरकडून काय अपेक्षित आहे याचे नियम उशिरा आले आणि त्यांची अंमलबजावणी त्याहून ढिली झाली.

सात ते अकरा

३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटवर पोचली आणि ती भागली. दुपारच्या उन्हाने त्यात मोठा हात दिला. अडचण सूर्य मावळल्यावर येते. पंखे, एसी, दुकानं सुरूच असतात आणि सौरवीज तासा-दोन तासांत शून्यावर येते. सगळ्यांचा कांदा एकाच आठवड्यात बाजार समितीत आला की भाव पडतो, तसं दुपारच्या विजेचं झालं आहे. वीज एक्स्चेंजवर दुपारी भाव मातीमोल होतो आणि संध्याकाळी युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो.

ही दरी बुजवायला तीन वाटा आहेत. पहिली, कोळशाची केंद्रं दुपारी मंद चालवायची. दादरीच्या केंद्राने २०१८ मध्ये ४० टक्के भारावर चालून दाखवलं, पण रोजच्या अशा चढउताराने बॉयलरच्या नळ्या लवकर झिजतात आणि तो खर्च कुणी सोसायचा हे वादाचं आहे. दुसरी वाट पाणी वर चढवून ठेवायची, जसं घाटघरला २००८ पासून चाललं आहे. सह्याद्रीत असे अनेक प्रकल्प आखले जात आहेत आणि तिथल्या जंगलांचा विचार करूनच त्यांची जागा ठरली पाहिजे. तिसरी वाट बॅटरीची. २०२२ च्या लिलावात बॅटरीसाठ्याचा दर मेगावॉटला महिना सुमारे ११ लाख रुपये होता, तो दोन-तीन वर्षांत सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला.

दिवसा पाणी

चौथी वाट मला सर्वांत मोलाची वाटते: मागणीच उन्हाच्या वेळेला आणायची. महाराष्ट्रात कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री फेज मिळते. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जातो, चिखलात उभा राहून बारे देतो. पायाखाली साप आणि उसात बिबट्या असण्याची भीती त्याच्या सोबतीला असते. घरचे तो परत येईपर्यंत जागे असतात.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने या दुखण्यावर नेमका उपाय शोधला. उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरवर द्यायची. लांबची वाहिनी लागत नाही, गळती कमी होते, साठवणुकीचा खर्च वाचतो. जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं मिळतं. राळेगणसिद्धीपासून निघालेली ही योजना २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. काही गावांत गायरान गेल्याची तक्रार आहे आणि ती ऐकूनच पुढे जायला हवं. गुरांची चराई काढून घेऊन आलेली वीज गावाला आपली वाटणार नाही. पण दिशा योग्य आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर मिळणारी दरसवलतही त्याच दिशेची.

सरकारने पुढचं उद्दिष्ट जाहीर करताना मेगावॉटच्या जोडीला तासाचा आकडाही सांगावा: संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत देशाची किती टक्के वीज कोळशाविना येईल, आणि किती शेतकऱ्यांना रात्री पाणी द्यायला जावं लागणार नाही. या दोन आकड्यांचा हिशेब दरवर्षी लोकांसमोर मांडला गेला, तर वाहिन्या, साठवण आणि दर या तिन्ही गोष्टींना आपोआप शिस्त लागेल. पंधरा वर्षांत आपण ऊन स्वस्त केलं. आता ते वेळेवर पोचवायचं काम तितक्याच जिद्दीने करायचं आहे.