रिकामा पडदा, मुलांची आज्ञावली

आमगावच्या एका शाळेत संगणकाच्या तासाला एका मुलाने मला विचारले, "सर, सिनेमात हिरवी अक्षरे पडद्यावरून खाली पडतात, तसे आपल्या संगणकावर करता येईल का?" येईल. पण असा स्क्रीनसेव्हर मुळात कशासाठी असतो, ते आधी पाहू.

जुन्या संगणकाचा पडदा म्हणजे काचेची चित्रनलिका. तिच्या आतल्या बाजूस फॉस्फरचा लेप असे आणि इलेक्ट्रॉनांच्या झोताने तो उजळे. एकच मजकूर तासन्‌तास एका जागी राहिला, की तिथला लेप जास्त झिजे आणि अक्षरांचा पुसट ठसा कायमचा उमटे. यावर उपाय म्हणून १९८३ साली जॉन सोचा यांनी एक छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तीन मिनिटे कळफलकाला हात लागला नाही, की तो पडदा काळा करी. हलती चित्रे नंतर आली.

आजच्या एलसीडी पडद्याला हा धोका फारसा नाही. स्क्रीनसेव्हरने वीजही वाचत नाही, कारण पडद्यामागचा दिवा चालूच राहतो. मात्र रिकामा पडदा फळ्यासारखा वापरता येतो.

'द मेट्रिक्स' (१९९९) या चित्रपटातील अक्षरे म्हणजे बरीचशी उलटी केलेली जपानी अक्षरे. तो काही प्रोग्रॅम नव्हे. आपण मुलांनी लिहिलेला खरा प्रोग्रॅम दाखवू या. तो नोटपॅडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहावा. प्रिंट स्क्रीनची कळ दाबून पडद्याचे चित्र घ्यावे, ते पेंटमध्ये चिकटवून एका फोल्डरमध्ये साठवावे. मग विंडोजच्या स्क्रीनसेव्हर सेटिंगमध्ये 'फोटोज' निवडून तो फोल्डर दाखवावा व पाच मिनिटांची वेळ द्यावी. पंधरा मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल अशीही सोय करावी. वीज वाचते ती त्यानेच.

इंटरनेटवरून आयता स्क्रीनसेव्हर मात्र उतरवून घेऊ नये. विंडोजमध्ये स्क्रीनसेव्हरची फाईल हा स्वतःच एक चालणारा प्रोग्रॅम असतो. त्याच्या आडून व्हायरस शिरू शकतो आणि शाळेचा एकुलता एक संगणक बंद पडू शकतो.

पहिल्या चित्रात मुद्दाम एक चूक ठेवा. १ ते १०० या संख्यांची बेरीज करताना पायथॉनच्या 'रेंज'मध्ये १ आणि १०० लिहिले, तर शेवटचा १०० धरला जात नाही. उत्तर ५०५० ऐवजी ४९५० येते. खाली एवढेच लिहा : "शंभर कुठे हरवले?" मधल्या सुट्टीत पडद्याभोवती मुले जमतील.